लांब बोर्ड, आखूड बोर्ड आणि लाटेवरचा हक्क

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन तऱ्हेची माणसं भेटतायत. काही जण विचारतात, ‘तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलणार?’ बाकीचे विचारत नाहीत. माझ्या पोटाकडे बघतात आणि मान डोलावतात. तर सांगून टाकतो, सर्फिंगमध्ये, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून सरकण्याच्या खेळात, मी लाँगबोर्डवाला, लांब फळीवाला आहे. वयामुळे नाही, वजनामुळे नाही आणि गुडघ्यामुळे तर मुळीच नाही. पण तुमचा तसा समज असेल तर राहू दे, कारण तो समज हाच आजचा विषय आहे.

समज काय? शॉर्टबोर्ड म्हणजे खरं सर्फिंग. नऊ फुटांच्या वरचं जे काही असतं ते शिकाऊंचं, निवृत्तांचं आणि फोटो काढून घेणाऱ्यांचं. आता आमच्याकडचा समजही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. आमचं म्हणणं असं की शॉर्टबोर्डवाले लाटेवर उभे राहतात ते तिला त्रास द्यायला. सारखी वळवळ, सारखी झटापट. दोन क्षण स्वस्थ उभं राहणं त्यांना जमतच नाही. एकाच पाण्यात वीस फुटांवर बसलेली ही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. बोललीच तर ते इथे सांगण्यासारखं नसतं.

मला आज असं मांडायचंय की हे भांडण लांबीचं नाही. ते हक्काचं आहे. लाट कुणाची, हा नियम त्याच्या मुळाशी आहे. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास लागेल. अध्यक्ष हसतायत, माझा ‘थोडा’ इतिहास त्यांनी आधी ऐकलेला आहे.

हवाईमध्ये जुन्या काळी बोर्डची लांबी ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. ‘ओलो’ नावाचा प्रचंड बोर्ड, सोळा फूट आणि त्याहून लांब, तो सरदार घराण्यांचा. सर्वसामान्य लोक ‘अलाया’ वापरत, म्हणजे पातळ, आखूड फळी. अबनर पाकी या हवाईयन सरदाराचे ओलो होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहेत. 1920च्या दशकात टॉम ब्लेक नावाच्या सर्फरनं ते दुरुस्त केले आणि ते बघून पोकळ बोर्ड बांधायला घेतले. पुढे 1935च्या सुमारास बोर्डला खालून फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारा पर, लावणारा माणूस तोच. तेव्हा बघा, त्या काळी आखूड बोर्ड हातात असणं हे कमीपणाचं होतं. आज मान आखूड बोर्डाला आहे. मधल्या काळात लाटांमध्ये काही फरक पडला का? नाही. मान फिरला कधी, ते मात्र वर्षासकट सांगता येतं, आणि ही गोष्ट माझी फार आवडती आहे, त्यामुळे जरा सैल होऊन बसा.

वर्ष 1966, ठिकाण कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, प्रसंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. त्या काळी सगळेच लाँगबोर्डवर होते, त्यामुळे लाँगबोर्ड असं वेगळं कुणी म्हणतच नव्हतं. आणि कलेचा कळस होता नोजरायडिंग. लाट धरायची, बोर्डवरून एकापुढे एक पाय टाकत चालत जायचं आणि अगदी नाकावर, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकावर, जाऊन उभं राहायचं. दहाही बोटं कडेबाहेर काढली की ते हँग टेन. माणूस एका टोकाला उभा असताना बोर्ड पुढे कलंडत कसा नाही, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही. मागच्या टोकावरून लाटेचं पाणी वाहत असतं, ते शेपूट दाबून धरतं. खालून नाकाला उचल मिळते. ही अक्षरशः तोलून मापून करायची गोष्ट आहे. आदल्याच वर्षी व्हेंचुराला टॉम मोरीनं एक स्पर्धा भरवली होती, तीत कोण नाकावर किती सेकंद उभा राहतो ते घड्याळ लावून मोजलं. (याच मोरीनं पुढे पालथं पडून चालवायचा बूगी बोर्ड काढला, म्हणजे माणसाला आडवा करून ठेवला. असो.)

या कलेचा राजपुत्र होता डेव्हिड नुउहिवा. सॅन डिएगोला सगळ्यांची पैज त्याच्यावर. समोर ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग. दोघंही विशीच्या आतले. यंगनं स्वतःच्या हातानं बनवलेला बोर्ड आणला होता आणि त्याला नावही दिलं होतं, ‘सॅम’. तो त्या काळच्या मानानं पातळ होता आणि त्याला जॉर्ज ग्रीनोच्या पद्धतीचा फिन होता, माशाच्या परासारखा अरुंद आणि मागे कललेला. हा ग्रीनो स्वतः उभा राहूनही सर्फ करत नसे; गुडघ्यांवर बसून, एवढ्याशा बोर्डवर लाटेच्या पोटात शिरायचा. यंगनं काय केलं? नुउहिवा नाकावर शांत उभा राहत होता, तेव्हा यंग मागे उभा राहून बोर्ड वळवत होता. लाट फुटते त्या जागेकडे परत, पुन्हा खाली, पुन्हा वर. परीक्षकांनी अजिंक्यपद यंगला दिलं.

मग सुरू झालं शाब्दिक युद्ध. 1967मध्ये जॉन विट्झिग या ऑस्ट्रेलियन पत्रकारानं कॅलिफोर्नियातल्याच एका मासिकात लिहून टाकलं की तुमचा जमाना संपला, आता आम्ही पुढे आहोत. पाहुण्यानं यजमानाच्या घरात बसून यजमानाला निकालात काढायचं, याला धाडस लागतं. तेव्हापासून नाकावर उभा राहणारा माणूस ‘जुना’ झाला आणि वळणारा माणूस ‘पुढचा’. आज पाण्यात जी तुच्छता दिसते तिची जन्मपत्रिका ही आहे.

आता गंमत ऐका. यासाठीच मी ही गोष्ट प्रत्येक ठिकाणी सांगतो. ज्या बोर्डनं लाँगबोर्डचा बळी घेतला असं सांगतात, त्या ‘सॅम’ची लांबी किती? 9 फूट 4 इंच! आजच्या स्पर्धांत लाँगबोर्डला किमान लांबी नऊ फूट लागते. म्हणजे सॅम आज जिवंत असता तर त्याला शॉर्टबोर्डच्या स्पर्धेत कुणी उभं केलं नसतं, आमच्याकडे पाठवला असता. लाँगबोर्डला लाँगबोर्डनंच हरवलं, आणि श्रेय भलत्यालाच मिळालं. शिवाय ऑस्ट्रेलियन क्रांती म्हणून जी मिरवली जाते तिच्या खालचा फिन ज्याचा, तो ग्रीनो कॅलिफोर्नियाचा. हे विट्झिगच्या लक्षात कुणी आणून दिलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.

बोर्ड खरे आखूड झाले ते पुढच्या तीन वर्षांत. बोर्ड घडवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅकटॅव्हिशनं मागे खालून इंग्रजी व्हीच्या आकाराचे बोर्ड केले आणि 1967च्या शेवटी तो आणि यंग हवाईला गेले. सनसेट बीचच्या मोठ्या लाटांत ते बोर्ड घसरले, पण माऊईच्या होनोलुआ बेमध्ये असे चालले की बघणारे थक्क झाले. तिकडे हवाईत डिक ब्रुअर याच काळात आपले आखूड बोर्ड घडवत होता. आधी कोण, यावर दोन्हीकडचे म्हातारे अजून भांडतात. मी त्यात पडत नाही, मला दोन्हीकडे मित्र ठेवायचेत. मग नऊचे आठ झाले, आठाचे सात. लोकांनी गॅरेजमध्ये जुन्या लाँगबोर्डचं फायबरग्लास सोललं आणि आतला फोम तासून आखूड बोर्ड काढले. कितीतरी सुंदर बोर्ड त्यात गेले. आणि उत्साहाला सीमा नसते, त्यामुळे 1970च्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियन मंडळी सहा फुटांच्याही खाली उतरली होती. जिंकला कोण? कॅलिफोर्नियाचा रॉल्फ ऑर्नेस, 6 फूट 10 इंचांच्या बोर्डवर. लांब बोर्डवरच म्हणा ना.

आणि नॅट यंग? लाँगबोर्डचा मारेकरी? 1986मध्ये लाँगबोर्डचं जागतिक अजिंक्यपद पहिल्यांदा ठरलं, ते त्यानंच जिंकलं. नंतर 1988, 1989 आणि 1990लाही त्यानंच. मला हा माणूस मनापासून आवडतो.

आता माझी तक्रार. हो, तक्रार आहेच, नाहीतर मी व्याख्यान द्यायला कशाला आलो असतो. एवढं सगळं होऊनही लाँगबोर्डकडे बघायची नजर 1967चीच राहिली आहे. ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग आलं, टोकियोचं 2021मध्ये झालं, पॅरिसचं 2024मध्ये ताहितीच्या तेआहुपोला झालं, आणि दोन्हीकडे फक्त शॉर्टबोर्ड. 2019च्या लिमाच्या पॅन अमेरिकन स्पर्धांत लाँगबोर्डची पदकं होती, म्हणजे ती ठेवता येतात. समालोचक आमच्याबद्दल बोलताना आवाज असा मऊ करतात, जणू आजारी माणसाला भेटायला आलेत. मध्यंतरी पाण्यात एका तरण्याबांड मुलानं मला विचारलं, ‘काका, हे जहाज कुठे नांगरणार?’ मी म्हटलं, ‘तुझ्या पुढ्यात.’ आणि खरंच तसं केलं; त्याचं कारण पुढे येईल. पण पुढे एकदा लाटा गुडघाभर होत्या, मऊ, ढेपाळलेल्या. त्याचा बोर्ड त्याच्यासकट जागच्या जागी बुडत होता. शेवटी आला जवळ. ‘काका, जरा देता का?’ दिला. तो दिवसभर परत आला नाही. मला पोहत किनाऱ्यावर यावं लागलं, कारण त्या दिवशी मी लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, लावला नव्हता आणि लावला असता तर बोर्डबरोबर मीही गेलो असतो. लीशवरून आठवलं, 1971च्या सुमारास पॅट ओनीलनं शस्त्रक्रियेत वापरतात ती रबरी नळी बोर्डला बांधली. ती ताणून परत येणारा बोर्ड लागून त्याच्या वडिलांचा, जॅक ओनील यांचा, एक डोळा गेला. तरी लीश राहिलाच, कारण...

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं.’ बरं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता सात मिनिटांत.

नियम तुम्हाला माहीत आहे: लाट जिथे आधी फुटते त्या पीकच्या सर्वांत जवळ जो उभा राहिला, लाट त्याची. दुसऱ्यानं त्याच्या पुढ्यात उडी घ्यायची नाही. हा नियम न्याय्य आहे, पण सगळ्यांचे बोर्ड सारखे असतील तरच. लाट साधारण तिच्या उंचीच्या 1.3 पट खोलीवर फुटते. त्याआधी, खोल पाण्यात, ती अजून सपाट असते पण वेगात असते. 60-70 लिटर आकारमानाचा, म्हणून जास्त तरंगणारा लाँगबोर्ड तो वेग हातांनी वल्हवत गाठू शकतो. 28 लिटरचा शॉर्टबोर्ड नाही गाठू शकत. त्याला लाट उभी चढेपर्यंत थांबावंच लागतं. थांब्याच्या पन्नास पावलं अलीकडे जाऊन धावत्या बसमध्ये चढणारा माणूस असतो ना, बस थांब्यावर येते तेव्हा तो खिडकीशी बसलेला असतो, तसे आम्ही. नियमाप्रमाणे लाट आमची. रांगेत उभ्या असलेल्याला मात्र ती चोरी वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडी असतेच.

उलट बाजू. लाट उभी, पोकळ असली की आमचं नाक पाण्यात रुततं. तिथे शॉर्टबोर्डवाला पार आत, लाटेच्या वरून कोसळणाऱ्या ओठाखालून निघतो. तोच नियम, आता लाट त्याची, आणि आम्ही कडेला बसून फेस मोजतो. येताना तो डक डाइव्ह मारून लाटेखालून निघतो, आम्हाला ते शक्य नाही; आम्ही बोर्डखाली उलटे लटकून मार खातो. म्हणजे एकच नियम मऊ लाटेवर त्याला लुबाडतो आणि कडक लाटेवर मला. पण नियमाला कोण शिव्या देणार? आम्ही एकमेकांचा स्वभाव काढतो.

शिवाय ‘एक लाट, एक माणूस’ याची एवढी निकड आणली कुणी? हवाईतल्या वायकीकीला चार-पाच जण एका लाटेवर शेजारी शेजारी सरळ जात, कुणाचं काही अडत नसे. शॉर्टबोर्डला लाटेची पूर्ण भिंत लागते, वर-खाली, मागे-पुढे. 1981मध्ये सायमन अँडरसननं तीन फिनच्या थ्रस्टर बोर्डवर ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, त्यानंतर तर ती आणखीच लागायला लागली. त्यात दुसऱ्याला जागाच नाही. हा दोष नाही, तो खेळच तसा आहे. परीक्षकांचे निकषही तेच सांगतात: शॉर्टबोर्डला अवघडपणा, नवेपणा, वेग, ताकद, लाँगबोर्डला नाकावरचं उभं राहणं, ताबा, डौल. दोघांना लाटेकडून वेगळ्या गोष्टी हव्यात आणि मागायला खिडकी एकच. लीशनं गर्दीही वाढवली; पूर्वी बोर्ड सुटला की पोहत जावं लागे, त्या भीतीनं निम्मे लोक घरी राहत. ते मघाचं वाक्य इथे पूर्ण झालं.

‘तीन मिनिटं.’ माझी मागणी लाँगबोर्डवाल्यांकडे आहे, त्या मुलाकडे नाही. मिश्र लाइनअपमध्ये, म्हणजे दोन्ही बोर्डवाले लाटेची वाट बघत एकत्र बसतात तिथे, जवळिकीचा नियम पुरत नाही, तिथे पाळी लागते. जो लाट घेऊन आला त्यानं परत बाहेर जाऊन सगळ्यांच्या पलीकडे बसायचं नाही; आत, शॉर्टबोर्डवाल्यांच्या ओळीत बसायचं आणि पुढची चांगली लाट दिसली, हाताशी आली, तरी वल्हवायचं नाही. ज्याला प्रत्येक लाट मिळू शकते त्यानंच हे करायचं, कारण दुसऱ्याच्या हातात ते नाहीच. आणि त्यांनी बदल्यात काय करायचं? मऊ लाटेवर कुणी नाकाकडे चालत निघाला असेल तर पुढ्यात उडी घ्यायची नाही. नाकावरून ब्रेक लागत नाही, वळताही येत नाही. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून त्या मुलाला परवा बोर्ड दिला तेव्हा आधी नाकापर्यंत चालायला लावलं.

फिनवर बोलायचं राहिलं, ते पुढच्या वेळी. प्रश्न घ्यायचेत ना? मागे कुणाचा तरी हात वर आहे.