सहीखालचा नंबर

(दृश्य: गृहकर्जाचा छापील अर्ज. बोट शेवटच्या पानांवरच्या एका चौकटीशी थांबतं.)

अमेरिकेत घरासाठी कर्ज मागताना जो अर्ज भरतात, त्याला तिथल्या बँकांत ‘टेन-ओ-थ्री’ म्हणतात. त्यातल्या नवव्या विभागात कर्जदारानं काहीच लिहायचं नसतं. ती जागा लोन ऑफिसरची. तिथे त्याचं नाव येतं, संस्थेचं नाव येतं आणि दोघांचे एनएमएलएस नंबरही, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्यांच्या देशव्यापी नोंदवहीतले क्रमांक. हेच नंबर पुढे वचनचिठ्ठीवर आणि गहाणखतावर छापले जातात. ऑफिसरनं नोकरी बदलली तरी त्याचा नंबर तोच राहतो.

हा नंबर सक्तीचा झाला तो 2008 च्या सेफ कायद्यानं. मात्र या कायद्यानं दोन वाटा ठेवल्या. खासगी मॉर्गेज कंपनीतल्या ऑफिसरला राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी 20 तासांचं शिक्षण, 75 टक्क्यांना उत्तीर्ण होण्याची परीक्षा आणि दरवर्षी 8 तासांची उजळणी. बँकेतल्या ऑफिसरला फक्त नोंदणी पुरते, परीक्षा नाही. काम तेच, कर्ज तेवढंच, मग हा फरक का? आम्हाला तो पटत नाही.

नोंदणीत बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात. वित्तक्षेत्रातल्या 10 वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात, शिक्षा आणि कोर्टाचे आदेश सांगावे लागतात. नूतनीकरण दरवर्षी 1 नोव्हेंबर ते 31 डिसेंबर. गाडं अडतं ते बहुतेक साध्या गोष्टींवर. लग्नानंतर नाव बदललं, तर नोंद 30 दिवसांत दुरुस्त करावी लागते. डिसेंबर हुकला, तर नोंदणी पुन्हा चालू होईपर्यंत नवा अर्ज घेता येत नाही.

(दृश्य: पगाराची चिठ्ठी, शेजारी कॅल्क्युलेटर.)

आता पैसा. पूर्वी 6 टक्क्यांना पात्र असलेल्या माणसाच्या गळ्यात साडेसहाचं कर्ज मारलं, की मध्यस्थाला जास्त पैसे मिळायचे. 2011 च्या एप्रिलपासून हे बंद झालं, आणि 2014 च्या जानेवारीत नियम आणखी घट्ट झाले. कर्जाच्या अटींवर, म्हणजे व्याजदरावर किंवा मुदतपूर्व फेडीच्या दंडावर, कमिशन ठरवता येत नाही. कर्जाच्या रकमेवर ठरवता येतं, पण टक्का सगळ्या कर्जांना एकच हवा. समजा 1 टक्का, किमान 1,000 डॉलर आणि कमाल 5,000. मग 3 लाखांच्या कर्जावर 3,000 मिळतील, 50 हजारांवर 1,000 आणि 9 लाखांवर 5,000. लहान कर्जाला 3 टक्के आणि मोठ्याला 1, असे टप्पे चालत नाहीत. एकूण किती कर्जं केली किंवा फायली किती नीट होत्या, यावर बोनस देता येतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या गोष्टीत. गिऱ्हाईक म्हणतं, समोरची बँक स्वस्त देते. ऑफिसर म्हणतो, माझं कमिशन कमी करतो. हे सहसा बेकायदा ठरतं. सूट द्यायची तर बँकेनं स्वतःच्या खिशातून द्यावी. कारण कमिशन कमी-जास्त करायला मोकळीक असली, तर आधी चढा दर सांगून, घासाघीस करणाऱ्यालाच तेवढा उतरवून देता येतो. गप्प बसणारा भरडला जातो. व्यवहार पुरा करण्याचा खर्च आधी सांगितलेल्या अंदाजापेक्षा अनपेक्षितपणे वाढला, तर मात्र अपवाद आहे. कमिशनचा हिशेब बँकेला 3 वर्षं जपून ठेवावा लागतो.

ओव्हरटाइमचा वाद वेगळाच. कामगार खात्यानं 2006 मध्ये सांगितलं की हे लोक ओव्हरटाइमला पात्र नाहीत. 2010 मध्ये खात्यानंच मत फिरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2015 मध्ये खात्याच्या बाजूनं निकाल लागला. त्यामुळे शाखेत बसून काम करणाऱ्या ऑफिसरला साधारणपणे आठवड्याच्या 40 तासांवर दीडपट दर द्यावा लागतो, आणि तो दर काढताना कमिशनही धरावं लागतं.

(दृश्य: मोबाईलवर टाइप होणारे आकडे.)

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर शोधणारं मराठी कुटुंब असो वा आणखी कुणी, तो नंबर ‘एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेस’वर फुकट तपासता येतो. ऑफिसर आधी कुठे होता, आणि आज त्या बँकेच्या नावावर नोंदलेला आहे का, हे तिथे दिसतं. हे टेन-ओ-थ्रीवर सही करण्याआधी बघावं.