टॉपिक काय घेतलास?

(दृश्य: वहीचं एक पान, अगदी जवळून. पाच ओळी खोडलेल्या, सहाव्या ओळीवर पेन थांबलेलं.)

हे पान नीट बघा. पहिली ओळ, सोशल मीडिया आणि तरुणाई, खोडलीय. त्याखाली पर्यावरण आणि आपण, तीही खोडलीय. मग मोबाईलचे फायदे-तोटे, मग शिक्षणातले बदल, आणि पाचवी ओळ तर इतकी गिरवून खोडलीय की कागद फाटलाय, काय होतं तेही वाचता येत नाही. रिसर्च पेपरचा टॉपिक द्यायची शेवटची तारीख उद्या. पेपर लिहायला चार महिने आहेत, पण कशावर लिहायचं हे ठरवायला मिळाला एक आठवडा. आम्ही कॅमेरा घेऊन आलो होतो त्या एका आठवड्यासाठीच, पण मग राहिलो शेवटपर्यंत.

(दृश्य: ग्रंथालयातलं लांब टेबल. चौघं बसलेत, कोणीच बोलत नाहीये.)

नावं घेत नाही, त्यांनीच तसं सांगितलं होतं. खिडकीकडे बसलाय तो मुलगा, त्याच्यासमोर गळ्यात हेडफोन अडकवलेला, त्याच्या शेजारी केस वर बांधलेली, आणि टेबलाच्या टोकाला जी सगळं पेन्सिलने लिहिते ती. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आम्ही एकच विचारलं, टॉपिक काय घेतलास, आणि चौघांनीही उत्तर देताना नजर खाली घातली.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन. सर्चचे रिझल्ट, खाली जातच राहतात.)

हेडफोनवाल्याने सर्चमध्ये टाकलं, सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम. रिझल्ट आले लाखांनी. तो स्क्रोल करतोय, करतोय, बघा किती वेळ करतोय, आम्ही हे कापलेलं नाही. त्याला वाटलं एवढं मटेरियल आहे म्हणजे टॉपिक सोपा. पण होतं उलटंच, कारण एवढ्या मोठ्या टॉपिकवर जे काही लिहाल ते कोणीतरी आधीच लिहिलेलं असतं, मग मुलं चार पेपर उघडतात, थोडं थोडं उचलतात आणि स्वतःचं म्हणून एक वाक्य राहत नाही.

(दृश्य: फळा. गाइडच्या हातात डस्टर.)

आता हा फळा बघा, आमच्या सगळ्या शूटमधला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे हा. गाइडनी, म्हणजे पेपरसाठी मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमनी, हेडफोनवाल्याचं टायटल जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, तरुण म्हणजे कोण रे? तो म्हणाला, सगळेच. डस्टर फिरला, तरुण गेलं, तिथे आलं, हॉस्टेलमधली पहिल्या वर्षाची मुलं. मग परिणाम म्हणजे कशावर? अभ्यास, मन, तब्येत. यातलं तू मोजू शकशील असं काय? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, झोप. परिणाम पुसलं, झोप लिहिलं. आणि सोशल मीडिया तरी कुठला, कधीचा? तेव्हा तो जे बोलला ते पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं होतं, की मॅडम, आमच्या खोलीत एक जण रात्री फोन कपाटात ठेवतो आणि बाकीचे उशाशी ठेवतात, आणि सकाळी फक्त तोच उठलेला असतो. संपलं. टॉपिक मिळाला. फोन हाताशी ठेवून झोपणारे आणि लांब ठेवून झोपणारे, पंधरा दिवसांच्या झोपेची नोंद, एकाच हॉस्टेलपुरती. फळ्यावर सोशल मीडिया हा शब्द राहिलासुद्धा नाही.

लोकांना वाटतं टॉपिक छोटा केला की पेपर छोटा होतो, पण उलट आता त्याला कळलं कोणाला विचारायचं, काय विचारायचं, आणि काय निघालं तर आपण चुकलो असं म्हणायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जो दावा कशानेही खोटा ठरू शकत नाही त्यावर पेपर लिहून उपयोग काय?

(दृश्य: बांधीव जर्नलचे जाड खंड. पानं उलटणारे हात.)

केस वर बांधलेल्या मुलीने चॅटबॉटला टॉपिक मागितला. दहा मिळाले, वर संदर्भही मिळाले, लेखक, वर्ष, जर्नल, पान नंबर सगळं व्यवस्थित. ती इथे त्यातलाच एक संदर्भ शोधतेय. जर्नल खरं आहे, खंडही सापडला, आणि त्या पानावर भलताच लेख आहे. हे चॅटबॉट असे नसलेले संदर्भ बनवून देतात, अगदी खऱ्यासारखे, आणि उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. तिने उघडून बघितलं. मग त्या भलत्याच लेखाच्या शेवटी जी संदर्भांची यादी होती ती वाचत बसली, त्यातला एक पेपर काढला, त्याच्या यादीतून दुसरा, आणि असं मागे मागे जात तिला तिचा टॉपिक सापडला. यादी मिळाली फुकट, पण टॉपिक शोधायला तिला तीन दिवस या जुन्या खंडांच्या धुळीत बसावं लागलं.

(दृश्य: वर्ग, मागच्या बाकावरून. पेन्सिल, वहीत उभ्या रेघा.)

ही पेन्सिलवाली. हिचं म्हणणं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, की वर्गातल्या चर्चेत मुलंच बोलतात, मुलींना बोलू दिलं जात नाही. गाइडनी एवढंच विचारलं, मोजलंस का? मग ती मागच्या बाकावर बसायला लागली. मुलगा बोलला की डावीकडे रेघ, मुलगी बोलली की उजवीकडे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की रेघ सगळ्यांची सारखीच लांब दिसते, कोणी एक शब्द बोलो नाहीतर पाच मिनिटं बोलो. म्हणून वेळेचा कॉलम आला. चौथ्या दिवशी तिसरा कॉलम आला, मध्येच कोणाला थांबवलं. हा तिसरा कॉलम तिने ठरवून काढला नव्हता, हे पान झूम करून बघा, मार्जिनमध्ये बारीक अक्षरात कोंबलाय. पेपर शेवटी झाला तो याच कॉलमवर.

(दृश्य: एक छापील फॉर्म. शीर्षकाच्या चौकटीखाली बारीक अक्षरातली ओळ.)

आता ही ओळ वाचा. एकदा दिलेले शीर्षक बदलता येणार नाही. बदलायचंच असेल तर अर्ज, दोन सह्या, कारण. मला हे मनापासून खटकतं आणि मी ते इथे बोलणार आहे. ज्या मुलीला मोजायला लागल्यावर चौथ्या दिवशी समजलं की आपला खरा प्रश्न तिसऱ्या कॉलममध्ये आहे, तिचं टायटल पहिल्याच आठवड्यात गोठलेलं असतं, मग मुलं काय करतात, तर जे सापडलं ते सोडून देतात आणि जे लिहून दिलंय ते सिद्ध करत बसतात. मी स्वतः हेच केलंय. मला यादीतून टॉपिक मिळाला होता, चाळीस पानं लिहिली, आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

(दृश्य: पुस्तकांचा ढीग. मागच्या पानावर चिकटवलेली डेट स्लिप. शिक्के, मग कोरी जागा.)

आणि हा खिडकीजवळचा मुलगा. याच्याकडे पुरावा होता, म्हणजे इतका छान पुरावा की आम्ही अर्धा दिवस फक्त तेच शूट केलं. त्याचा दावा, मुलं आता पुस्तकं वाचत नाहीत. पुरावा ही स्लिप. पुस्तक नेलं की परतीच्या तारखेचा शिक्का बसतो. बघा, जांभळे शिक्के, एकावर एक, जागा नाही म्हणून तिरके मारलेले, आणि मग अचानक काही नाही. कोरं. पुढचं पुस्तक उघडलं, तेच. त्याने साठ पुस्तकं उघडली, फोटो काढले, साठही स्लिपा एकाच सुमाराला थांबलेल्या. कोणालाही पटेल.

(दृश्य: जुना नकाशा. रस्त्यांच्या कडेने एकावर एक रचलेल्या काळ्या रेघा.)

गाइडनी त्याला हा नकाशा दाखवला. १८५४, लंडनमधला सोहो भाग, ब्रॉड स्ट्रीट. कॉलऱ्याने १० दिवसांत ५०० हून जास्त माणसं गेली, आणि प्रत्येक काळी रेघ म्हणजे एक मृत्यू. डॉक्टर जॉन स्नो यांचं म्हणणं होतं की कॉलरा पाण्यातून पसरतो, तेव्हा बहुतेक सगळे म्हणत होते घाणेरड्या हवेतून. रेघा त्या एका पंपाभोवती दाटल्यात हे दिसतंच, पण हवावाले म्हणू शकत होते की तिथली हवाच वाईट. म्हणून स्नो यांनी काय केलं, तर जे मेले नाहीत त्यांच्याकडे गेले. पंपाला लागून दारूची भट्टी होती, ७० च्या वर कामगार, त्यातला कोणी मेला नाही, कारण ते तिथली बिअर प्यायचे आणि पंपावर जायचेच नाहीत. जवळच वर्कहाऊस होतं, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून काम करून घेणारी जागा, ५३५ माणसं, मेली फक्त ५, त्यांची विहीर वेगळी होती. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई गेली, तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते रोज मागवायची. भट्टी आणि वर्कहाऊसची हवा तीच, पाणी वेगळं; त्या बाईची हवा वेगळी, पाणी तेच. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. आणि यानंतर स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलं की लोक आधीच भाग सोडून गेले होते, साथ आधीच ओसरत होती, त्यामुळे दांडा काढल्यानेच थांबली असं ठामपणे सांगता येत नाही.

गाइडनी नकाशा बंद केला आणि त्याला म्हणाल्या, तुझ्या साठ पुस्तकांत भट्टी कुठली?

(दृश्य: संध्याकाळ. तोच ढीग. तो परत एकेक पुस्तक उघडतोय.)

हे एकेचाळीसावं पुस्तक. स्लिप कोरी. पण पान फाटलंय तिथे लावलेली चिकटपट्टी नवीकोरी आहे, अजून पिवळी पडलेली नाही. आणि मधून हे निघालं, चार घड्या घातलेला कागद, खूण म्हणून ठेवलेला. उलगडला तर परीक्षेचं टाइमटेबल. यंदाचं.

(दृश्य: इश्यू काउंटर. ग्रंथपाल, हातात स्कॅनर.)

ग्रंथपाल बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अरे बाळा, शिक्के मारणं बंद झालंय आमचं, बारकोड आल्यापासून.

(दृश्य: त्याचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाचे भाग सुटे करून दाखवले होते, एक दावा, एक पुरावा, आणि दोघांना जोडणारा मधला दुवा, जो आपण बहुतेक वेळा बोलूनच दाखवत नाही. याच्याकडे दावा होता, पुरावा होता, आणि मधला न बोललेला दुवा असा, की पुस्तक गेलं म्हणजे शिक्का बसणारच. तो दुवा तुटला आणि साठ फोटो वाया गेले. म्हणजे त्याला त्या रात्री तसं वाटलं. सकाळी तो परत काउंटरवर उभा होता, बाईंना विचारत होता की मॅडम, जी पुस्तकं मुलं घरी नेतच नाहीत, इथेच बसून वाचतात आणि टेबलावर सोडून जातात, ती कशात मोजता तुम्ही? बाई म्हणाल्या, ती कशातच नाही. आम्ही उचलतो आणि रॅकला लावतो.

पुढचं थोडक्यात. पेपर सगळ्यांचे जमा झाले. टायटल बदलायचे तीन अर्ज गेले, दोन मंजूर झाले, पेन्सिलवालीचा नाही झाला, तिने जुन्याच टायटलखाली तिसरा कॉलम बसवला आणि त्याचे मार्क गेले.

(दृश्य: रीडिंग रूम, बंद व्हायची वेळ. रिकाम्या खुर्च्या, टेबलांवर पुस्तकं.)

हा मुलगा तीन आठवडे रोज या वेळेला थांबला. बाईंनी पुस्तकं उचलायच्या आधी टेबलाटेबलावरून फिरायचा, नाव लिहायचा, उघडं होतं की मिटलेलं तेही लिहायचा. हे त्याच्या पेपरचं शेवटचं पान, त्यानेच कॅमेऱ्यासमोर धरलंय. खालून तिसरी ओळ आहे, टेबलावर राहिलेले पुस्तक वाचले गेलेच असे म्हणता येत नाही, ते कोणी फक्त चाळून ठेवलेले असू शकते. गाइडनी तिथे लाल पेनने विचारलंय, मग कसं शोधशील? आणि त्याखाली पेन्सिलने, त्याच्या अक्षरात, उद्या टेबलाजवळ बसतो.