राजीनाम्यातले दोन शब्द

मित्रहो, वाढत्या प्रदेशात कामाला माणसं कशी मिळवायची आणि टिकवायची, यावर आज बोलायचं आहे. सुरुवात एका जुन्या आकड्यापासून करतो. १९१३ साली फोर्ड कंपनीला डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात साधारण १४ हजार माणसं लागत होती. तेवढी संख्या भरलेली राहावी म्हणून त्या एका वर्षात कंपनीने ५२ हजारांहून जास्त माणसं भरती केली. गळती, म्हणजे काम सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, ३७० टक्के! फिरत्या पट्ट्यावरचं तेच ते काम लोकांना सोसवत नव्हतं. जानेवारी १९१४मध्ये कंपनीने आठ तासांच्या दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळजवळ दुप्पट. पुढच्या वर्षापर्यंत गळती एकदम खाली आली.

यातून बहुतेक जण ‘पगार वाढवा’ एवढंच उचलतात. मला त्यात आणखी काही दिसतं. दारात माणसं आणण्याची अडचण फोर्डला नव्हतीच. ५२ हजार लोक आलेच होते की. आलेला माणूस राहत नव्हता, ही अडचण होती. शिवाय ते ५ डॉलर सरसकट नव्हते. त्यातला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून मिळायचा आणि त्यासाठी कंपनीचे लोक कामगाराच्या घरी जाऊन त्याचं राहणीमान तपासायचे. कुणाच्या घरात असं डोकावणं मला मान्य नाही, अजिबात नाही. पण माणूस टिकणार की जाणार हे कारखान्याच्या फाटकाबाहेर ठरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपल्या ते अजून येत नाही.

एका कंपनीने पगार वाढवला तर तिचं भागतं. वाढत्या प्रदेशातल्या सगळ्यांनीच वाढवला तर काय होतं? शेजारचा फिटर माझ्याकडे येतो, माझा वेल्डर शेजारी जातो, आणि प्रदेशात एक माणूसही वाढत नाही. वाढतं ते घरभाडं. मग पगारवाढ घरमालकाच्या खिशात जाते आणि कामगार होता तिथेच राहतो.

हे फार टोकाला गेलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं जिलेट गाव. १९७०च्या दशकात तिथे कोळशाच्या खाणींमुळे भराभर पैसा आणि माणसं आली. घरं आली नाहीत. कुटुंबं चाकांवरच्या घरांत राहिली, शाळा आणि दवाखाने अपुरे पडले, दारू आणि घरातली भांडणं वाढली. अशा अवस्थेला पुढे त्या गावाचंच नाव पडलं. आणि याचा तोटा मालकांनाही होतो, कारण गावात जगणं असह्य झालं की कुशल माणूस आधी जातो. त्याला दुसरीकडे काम मिळायला वेळ लागत नाही.

मनुष्यबळ विभागात काम करताना मी राजीनाम्याचे शेकडो अर्ज वाचले. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द असायचे: ‘वैयक्तिक कारण’. आम्ही ते फाइलला लावून टाकायचो. एकदा एका चांगल्या वेल्डरला, हिशेब पूर्ण झाल्यावर, मी सहज विचारलं. त्याची बायको प्रशिक्षित नर्स होती. दुसऱ्या प्रांतातून आल्यामुळे तिची नोंदणी अडकली होती आणि चौदा महिने ती घरी बसून होती. एवढंच. त्याचा पगार, शिफ्ट, साहेब, कशाबद्दलच त्याची तक्रार नव्हती. आम्ही त्याला आणायला जाहिरात दिली, प्रवासखर्च दिला, प्रशिक्षण दिलं, आणि त्याच्या घरात दुसरं कुणी कमावतं माणूस आहे का, हे कधी विचारलंच नाही. ती चूक माझीही होती आणि ती मला आजही टोचते.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चार प्रांतांनी यावर एक वाट काढली. तिथली वस्ती म्हातारी होत चालली होती, आणि बाहेरून आलेले लोक थोड्याच दिवसांत मोठ्या शहरांकडे निघून जात. २०१७पासून तिथे एक स्थलांतर योजना सुरू झाली. तिच्यात परदेशी कामगाराला नुसतं नोकरीचं पत्र पुरत नाही. त्याच्यासोबत त्याच्या कुटुंबासाठीही स्थिरावण्याचा आराखडा लागतो, आणि तो अमलात आणायला मालकाने मदत करायची असते. भरती आणि वसवणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, हे तिथे नियमातच लिहिलं आहे.

सुपरवायझरविषयी थोडक्यात बोलतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी करत नाही. उत्तम कारागीर होता म्हणून ज्याला मुकादम केलं, त्याला माणसं सांभाळायला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या हाताखालून सहा महिन्यांत किती माणसं गेली, हे त्याच्या उत्पादनाच्या आकड्याशेजारी लिहायला लागा. पहिल्या तीन महिन्यांतली गळती वेगळी मोजा. ती बहुतेक वेळा भरतीच्या वेळी दिलेल्या खोट्या भरवशाची असते.

आणखी एक. १८८५ साली राव्हेनस्टाइन या अभ्यासकाने स्थलांतराचे काही नियम मांडले. स्थलांतराच्या प्रत्येक प्रवाहामागे एक उलटा प्रवाह असतो, हा त्यातला एक. आपण तो फक्त तोटा म्हणून बघतो. पण आपल्या प्रदेशातून बाहेर गेलेले लोकही परत येऊ शकतात. त्यांना इथली भाषा, रस्ते, नातीगोती सगळं माहीत असतं. आणि जे कधी गेलेच नाहीत त्यांचं काय? मुलं लहान म्हणून घरी थांबलेल्या बाया, वयामुळे नाकारलेले लोक. पाळणाघर आणि चार तासांची शिफ्ट दिली तर यातले कितीतरी जण उद्या कामावर येतील. त्यांना घर शोधून द्यावं लागत नाही, ते आधीच इथले आहेत.

आज इथे मालक आहेत, नगरपालिकेची मंडळी आहेत, शिक्षक आहेत. माझी विनंती अगदी छोटी आहे. बाहेरून येऊन तीन वर्षं टिकलेली दहा माणसं, त्यांच्या नवऱ्याबायकांसह, एका संध्याकाळी बोलवा. पहिल्या वर्षी कधी कधी निघून जावंसं वाटलं आणि तेव्हा कशामुळे थांबलात, एवढंच विचारा. साहेबांनी त्या वेळी बोलू नये, लिहून घ्यावं.