आधी भाषा

(दृश्य : ऑपरेशन थिएटर. मायक्रोस्कोपमधून दिसणारा कानाचा आतला भाग.)

एका कर्णबधिर बाळाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणनसेला थेट विजेचे संकेत देणारं उपकरण, बसवताहेत, आणि हे सगळं अवघ्या काही मिलिमीटरमध्ये चाललंय. कानामागचं हाड कोरत कोरत सर्जन इथवर पोचल्या आहेत. एका बाजूला चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस आहे, दुसऱ्या बाजूला जिभेकडून चव आणणारी. या दोघींच्या मधल्या चिंचोळ्या जागेतूनच पुढे जायचं. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली तर चेहरा वाकडा होऊ शकतो, म्हणून तिच्यावर मॉनिटर लावलाय. तिला जरा चेतना मिळाली की तो वाजतो.

(मॉनिटरचा आवाज. सर्जनचा हात थांबतो, मग पुन्हा चालू लागतो.)

आता समोर आलाय तो कॉक्लिआच्या तोंडाशी असलेला गोल पडदा. कॉक्लिआ म्हणजे आतल्या कानातली अडीच वेढ्यांची पोकळ नळी. सरळ केली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. निरोगी कानात इथे साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशी असतात. आवाजाची थरथर विजेच्या संकेतात बदलून श्रवणनसेकडे पाठवायचं काम त्यांचं. या बाळाच्या कानात त्या काम करत नाहीत. म्हणून त्यांना वगळून थेट नसेलाच संकेत द्यायचे.

त्यासाठी ही तार. सिलिकॉनची, टोकाशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि तिच्यावर प्लॅटिनमचे 22 इलेक्ट्रोड, म्हणजे नसेला वीज देणारे बिंदू. काही कंपन्यांच्या तारेवर 12 असतात, काहींच्या 16. कॉक्लिआच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज, आत टोकाकडे खालच्या पट्टीचे, ही निसर्गाने केलेली मांडणी इलेक्ट्रोडनाही पाळावी लागते. तार अगदी सावकाश आत सरकवतात. घाई केली तर आतले नाजूक पडदे फाटतात.

(दृश्य : समुद्रकिनारा, वाळूत पडलेला शंख.)

श्रवणनसेला वीज देऊन आवाजाची जाणीव करून देण्याचा प्रयोग 1957 साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी केला होता. पण एकाच तारेने बोलणं समजेना. अनेक इलेक्ट्रोड हवेत, आणि ते वळणावळणाच्या नळीत खोलवर न्यायचे कसे, यावर ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क अडले होते. 1977 मध्ये सुट्टीवर असताना ते किनाऱ्यावर बसून शंखात गवताची पाती सरकवून पाहत होते. शेंड्याकडे लवचिक आणि मागे ताठ होत गेलेली पाती विनासायास वळत आत गेली. त्यांना तारेची घडण सापडली. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी आपलं अनेक इलेक्ट्रोडचं पहिलं इम्प्लांट एका रुग्णाला बसवलं. क्लार्क यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांना कमी ऐकू येत असे. गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची होणारी ओढाताण या मुलाने लहानपणापासून पाहिली होती.

(दृश्य : क्लिनिक. आईच्या मांडीवर बाळ. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, कॉम्प्युटरसमोर.)

जखम भरली की काही आठवड्यांनी हा दिवस येतो. याला सगळे ‘स्विच-ऑन’च म्हणतात. कानामागे आवाज पकडून त्याचे संकेत आत पाठवणारा प्रोसेसर बसवला आहे. त्याची गोल चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते, बरोबर त्या जागी, जिथे त्वचेखाली इम्प्लांट आहे. ऑडिओलॉजिस्ट एकेक इलेक्ट्रोड चालू करून पाहताहेत : किती करंट दिला की बाळाला चाहूल लागते, किती दिला की ते दचकतं. या नोंदींनाच ‘मॅप’ म्हणतात.

(बाळ खेळायचं थांबतं. आईकडे बघतं. सात सेकंद निवेदन नाही.)

असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. आम्ही कॅमेरा चालू ठेवला.

बाळाला या क्षणी मिळालेत ते विजेचे ठोके. त्यातला कोणता आवाज आईचा, कोणता पंख्याचा आणि कोणता खुर्ची सरकल्याचा, हे त्याच्या मेंदूने अजून शिकायचं आहे. पुढचे कित्येक महिने मॅप पुन्हा पुन्हा बदलावा लागेल. हा आलेख बघा, प्रोसेसर दिवसात किती तास डोक्यावर होता ते तो स्वतःच नोंदवून ठेवतो. आणि ही थेरपीची खोली. थेरपिस्ट ओठांसमोर हात धरतात, म्हणजे मुलाने ओठ न वाचता फक्त ऐकावं. डबीत मणी टाकायचा, पण आवाज आला तरच. पुन्हा. पुन्हा. घरी गेल्यावर हेच सगळं आईने दिवसभर करायचं आहे.

यातून अनेक मुलं बोलू लागतात, छान बोलतात. लवकर शस्त्रक्रिया झाली तर शक्यता आणखी वाढते. पण सगळ्यांना सारखं यश येत नाही. कोण फोनवर गप्पा मारेल आणि कोण गोंगाटात एक वाक्यही धरू शकणार नाही, हे शस्त्रक्रियेआधी खात्रीने कुणालाच सांगता येत नाही.

(दृश्य : नवजात बाळाच्या कानाची तपासणी. झोपलेलं बाळ, डोक्याला चिकटवलेले सेन्सर.)

आता जरा मागे जाऊ. ही तपासणी जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत होऊ शकते. शस्त्रक्रिया मात्र लगेच होत नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 1990 साली मुलांसाठी अनेक इलेक्ट्रोडच्या इम्प्लांटला मान्यता दिली तेव्हा वयाची अट किमान दोन वर्षांची होती. 2000 साली ती 12 महिन्यांवर आली, 2020 मध्ये 9 महिन्यांवर. म्हणजे अगदी सगळं वेळेवर झालं तरी आधी शस्त्रक्रियेची वाट बघण्याचे महिने, मग जखम भरायचे आठवडे, मग ऐकायला शिकण्याचे महिने. जगात बहुतेक ठिकाणी याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

या सगळ्या काळात मूल काय ऐकतं? काहीच नाही. आणि काय बघतं? सगळं काही. मेंदू भाषेची वाट बघत तयार बसलेला असतो आणि डोळे उघडे असतात. त्या डोळ्यांसमोर हातांच्या खुणांची भाषा का ठेवायची नाही, हा प्रश्न घेऊनच आम्ही कॅमेरा बाहेर काढला होता.

(दृश्य : घर. कर्णबधिर आई आणि तान्ही मुलगी. पुस्तक उघडलेलं.)

या घरात सगळेच कर्णबधिर आहेत. नीट बघा, आई घाई करत नाही. मुलीची नजर चित्रावर आहे तोवर थांबते. मुलगी वर बघते, तेव्हा हात हलतात. पुस्तक असं धरलंय की पान आणि हात दोन्ही एका नजरेत यावेत. आणि आता बघा, ‘मांजर’ ही खूण आईने स्वतःच्या गालावर न करता मुलीच्या गालावर केली. हे तिला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. कर्णबधिर आया हे असंच करत आल्या आहेत.

(मुलीच्या हातांचा क्लोज-अप.)

ही बोटांची उघडझाप म्हणजे नुसता चाळा नाही. खुणा बघत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी बडबड करतात. लॉरा-अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी 1991 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं. ऐकणारं बाळ ‘बा-बा-बा’ करतं त्याच सुमाराला ही बाळं तेच हातांनी करतात. मेंदूला लागते ती भाषा. ती कानातून आली की डोळ्यांतून, हा भेद तो करत नाही.

(दृश्य : सांकेतिक भाषेच्या शिक्षिका, कॅमेऱ्यासमोर. एकच हस्ताकार आधी कपाळाशी, मग हनुवटीशी.)

हाताचा आकार तोच, जागा बदलली आणि अर्थ बदलला. आता फक्त भुवया बघा. वर गेल्या, विधानाचा प्रश्न झाला. विल्यम स्टोको हे अमेरिकेत कर्णबधिरांच्या गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांतून प्रत्येक खूण घडते, ही रचना त्यांनी 1960 मध्ये दाखवून दिली, तेव्हा त्यांच्या कित्येक सहकाऱ्यांचाही विश्वास बसला नव्हता. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात तर अशी एक भाषा मुलांनीच घडवली. 1977 नंतर राजधानी मानाग्वामधल्या विशेष शाळांत कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक स्पॅनिश आणि ओठवाचन शिकवत होते. मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपसांत पूर्ण व्याकरणाची एक नवी भाषा उभी केली. 1986 मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्यूडी केगल तिथे पोचल्या आणि जगाला ती कळली.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. मिलानमधलं सभागृह. वर्गात रांगेत बसलेली मुलं.)

मग खुणांच्या भाषेला इतकी वर्षं एवढा विरोध का झाला? त्यासाठी 1880 सालच्या, इटलीतल्या मिलानला जावं लागतं. सप्टेंबर महिना. कर्णबधिरांच्या शिक्षणावरची आंतरराष्ट्रीय परिषद. दीडशेहून अधिक प्रतिनिधी, आणि त्यांत कर्णबधिर शिक्षक एकच, अमेरिकेचे जेम्स डेनिसन. परिषद भरवणारे आधीपासूनच केवळ बोलण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. इटलीतल्या शाळांची बोलणारी मुलं मंचावर आणून दाखवली गेली. मग ठराव आला : शिक्षणात खुणांपेक्षा बोलणं श्रेष्ठ. 160 विरुद्ध 4.

पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी अठराव्या शतकात खुणांच्या आधारे शिकवणारी शाळा काढली होती. तिथून युरोप-अमेरिकेत शाळा निघाल्या, त्यांत शिकलेले कर्णबधिर शिक्षक झाले. मिलाननंतर त्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, वर्गात हात वर आला की शिक्षा होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या मुलं शाळा संपवून मोजक्या शब्दांनिशी बाहेर पडली.

(दृश्य : 1913 चा मूकपट. कृष्णधवल, सूट घातलेले गृहस्थ खुणांनी बोलताहेत.)

हे जॉर्ज वेडिट्झ. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफचे माजी अध्यक्ष. साल 1913. शाळांतून हाकललेली भाषा निदान फिल्मवर तरी टिकावी म्हणून संघटनेने वर्गणी गोळा केली आणि उत्तम खुणा करणाऱ्यांचं चित्रीकरण केलं. शंभराहून अधिक वर्षं झाली, आजही कर्णबधिर प्रेक्षक हे पाहून बरंच काही समजू शकतात.

ज्या समाजाने हे भोगलं, त्याच्यासमोर 1990 मध्ये बातमी आली की आता लहान मुलांच्या कानातही इम्प्लांट बसणार. पुढच्याच वर्षी याच संघटनेने त्याचा कडक शब्दांत निषेध केला. आमच्या मुलांना ‘दुरुस्त’ करू नका, हा तो सूर होता. डॉक्टरांना तो आडमुठेपणा वाटला. मिलान माहीत असेल तर तसा वाटत नाही. 2000 साली संघटनेने भूमिका बदलली : इम्प्लांट हे अनेक साधनांपैकी एक, निर्णय पालकांचा, पण त्यांना पूर्ण माहिती मिळालीच पाहिजे. आणि 2010 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले, त्यांनी केलेल्या नुकसानाबद्दल खेद व्यक्त केला. त्याआधी 2006 मध्येच अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने भाषेच्या व्याख्येत सांकेतिक भाषांचा समावेश केला होता.

(दृश्य : पालकांचा गट, अर्धवर्तुळात खुर्च्या. एक आई बोलते आहे.)

तरीही या आईला काय सांगितलं गेलं ते ऐकलंत. “खुणा करू नका, मूल आळशी होईल, बोलणारच नाही.” खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य कुणा ना कुणा तज्ज्ञाकडून ऐकलेलं आहे. माना हलताहेत बघा.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मापासून खुणा शिकलेल्या आणि नंतर इम्प्लांट झालेल्या मुलांचं बोलणं तपासलं. मुलं पाचच होती, पण त्यांचं बोललेलं इंग्रजी कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीचं निघालं. खुणांनी त्यांची जीभ बांधली नव्हती. 2017 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासाचा कौल उलटा होता : खुणांशिवाय वाढलेली मुलं बोलण्यात पुढे. त्यावर आक्षेप आला, तो असा, की त्या घरांतल्या खुणा बहुतेक बोलण्याला जोडलेल्या, पालकांनी नुकत्याच शिकलेल्या होत्या. तिथे मुलांना पूर्ण भाषा मिळालीच कुठे? हा आक्षेप आम्हाला पटतो.

कारण नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी येतात. या आईवडिलांनी बहुधा त्याआधी एकही कर्णबधिर माणूस जवळून पाहिलेला नसतो. निदानाच्या दिवशी त्यांना सर्जन भेटतात, ऑडिओलॉजिस्ट भेटतात, थेरपिस्टचा नंबर मिळतो. कर्णबधिर म्हणून वाढलेला, शिकलेला, नोकरी-संसार करणारा माणूस त्या दिवशी त्यांना कुणीही भेटवत नाही.

(दृश्य : थेरपीच्या खोलीबाहेरचा बाक. सात-आठ वर्षांचा मुलगा, कानामागे प्रोसेसर.)

इम्प्लांट झालं, बोलणं आलं नाही, आणि खुणा कुणी दिल्या नाहीत, अशीही मुलं आहेत. त्यांच्याकडे कोणतीच भाषा पुरती नसते, आणि गेलेली वर्षं परत येत नाहीत.

(दृश्य : संध्याकाळचा वर्ग. पालक, आजी-आजोबा, भावंडं. पुढे कर्णबधिर शिक्षक.)

हा वर्ग चालवणारे सर लहानपणी ज्या शाळेत शिकले तिथे हात बाकाखाली ठेवावे लागत. आज ते ऐकणाऱ्या बापांना हात वर काढायला शिकवतात. पुढच्या रांगेतले हे बाबा प्रश्न विचारताहेत आणि भुवया उचलायला विसरताहेत. सर त्यांना थांबवतात, स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवतात, पुन्हा करायला लावतात. मागे बसलेल्या आजींनी मात्र आठवडाभराच्या सगळ्या खुणा पाठ केल्या आहेत.

(शेवटी बसलेल्या मुलांकडे कॅमेरा. दोघांच्या कानामागे प्रोसेसर, तिसऱ्याच्या नाही. तिघांचे हात चालू आहेत.)

यांतली दोन मुलं घरी आईशी बोलतात, इथे हातांनी भांडतात. आंघोळीला, झोपायला, पोहायला जाताना प्रोसेसर उतरतो, बॅटरी संपली की तो गप्प होतो. तेव्हाही त्यांचं बोलणं थांबत नाही. दाराशी ठेवलेल्या वहीत नाव नोंदवताना मुलाचं इम्प्लांट झालंय, व्हायचंय, की करायचंच नाही, हे सर विचारत नाहीत. मूल किती महिन्यांचं आहे तेवढं विचारतात, आणि पहिला वर्ग त्याच आठवड्यातला देतात.