बेजार झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं एक शब्द फार राबवला जातो: बेजार. मुलगा परगावी गेला, बेजार झालं. पाऊस उघडेना, बेजार झालं. कुणी घालूनपाडून बोललं, तरी बेजारच. पुण्याकडं बेजार म्हणजे हैराण, त्रासलेला. आपल्या बेजाराला कन्नडातल्या ‘बेजारू’चा वास लागलाय, कंटाळा, दुःख, रुसवा, सगळं त्या एकाच पिशवीत. पिशवी सोयीची, पण आत काय आहे ते दिसत नाही. कागद, रंग आणि कॅमेरा यांचा उपयोग ती पिशवी उपडी करायला होतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. चित्र काढायचं म्हणजे मनातलं दुःख कागदावर ओतायचं, असं बहुतेकांना वाटतं. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. दुःखी मनःस्थितीतल्या काही लोकांना त्या दुःखाचंच चित्र काढायला सांगितलं, काहींना भलत्याच विषयाचं. मन जास्त हलकं झालं ते भलत्या विषयावाल्यांचं. हा परिणाम तेवढ्यापुरताच मोजलेला आहे, त्याला फार ताणू नये. पण घाव ताजा असताना पहिल्या दिवशी घावाचं चित्र काढू नका, एवढं त्यातनं नक्की घ्यावं. समोर पितळेचा तांब्या ठेवा आणि तोच काढा.

‘मला चित्र येत नाही’ ही तक्रार आपल्याकडं जरा जास्तच ऐकू येते. चित्रकार के. बी. कुलकर्णींचं हे बेळगाव, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. त्याचा अभिमान आहेच, पण त्यामुळं चेहरा हुबेहूब आला नाही तर ते चित्रच नव्हे, असा धाकही बसलाय. २०१६ मध्ये कला-उपचाराच्या संशोधक गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कागदाचे कपटे देऊन बसवलं. सुमारे पंच्याहत्तर टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली आलं. आधी चित्रकला केली होती की नाही, यानं फरक पडला नाही.

आता साहित्य. डोकं तापलेलं असताना जलरंग घेऊ नका. पाणी आपल्या मर्जीनं पळतं आणि आधीच सुटलेला ताबा आणखी सुटतो. अशा वेळी पेन्सिल बरी, २बी आणि ६बी, साधा ए-४ कागद. उलट ज्याचं मन दगडासारखं बंद झालंय, रडूही येत नाही, त्याला पेन्सिल आणखी आवळते. त्यानं ओल्या रंगाकडं जावं.

जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या. शाळेच्या ड्रॉइंग वहीचा कागद पाणी लागताच फुगून लाटा धरतो, रंग खळग्यांत साचतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. दोनच रंग पुरेत: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. दोन्ही मिसळले की राखाडी मिळतो. निळा वाढवला तर थंड, तांबूस वाढवला तर उबदार. तीन सेंटिमीटरचे नऊ चौकोन आखा आणि नऊ वेगळे राखाडी भरा. प्रत्येकाखाली एक ओळ लिहा, पण ‘बेजार’ शब्द बंद. ‘थोरल्याचा फोन आला नाही’ चालेल. ‘वाटणीत मला विचारलं नाही’ चालेल. साधारण चौथ्या-पाचव्या चौकोनाशी शब्द संपतात. तिथं घाई करू नका, खरी ओळ बहुधा त्याच्या पुढं असते. जुलैत खानापूरकडच्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. ओल्यावरच दुसरा थर दिला की चिखल होतो. मग तो चौकोन उद्यावर ठेवा.

छायाचित्राचं गणित वेगळं. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात प्रयोग केला. वस्तूचा अख्खा फोटो काढणाऱ्यांना ती वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवली. पण एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा आठवण शाबूत राहिली. गेलेल्या माणसाच्या खोलीचा एक मोठा फोटो म्हणूनच उपयोगाचा नाही. खुर्चीचा झिजलेला हात, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, अडकित्ता, वहाणेवरचा अंगठ्याचा खळगा, एवढ्या जवळ जा. जुन्या रोलला ३६ फोटो मिळायचे, तीच मर्यादा घाला. तीनशे काढले की निवड टळते, आणि सगळं काम तर निवडीतच आहे.

फोनमध्ये बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बोट खाली सरकवून फोटो गडद करायचा. हे का करायचं? कॅमेरा जे दिसेल ते मध्यम राखाडी करू पाहतो. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे जुन्या जैन मंदिराचा काळा दगड तो फिकट, मेलेला करून देतो. तिथं उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी करा. राजहंसगडावरचं पांढरं धुकं तो मळकट करतो. तिथं एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. यंत्राला सगळंच बेजार दिसतं म्हणा ना! घरात उजेड कमी असेल तर कोपर दारचौकटीला टेकवा, नाहीतर फोटो हलतो. चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा.

काढलेले फोटो त्याच संध्याकाळी स्टेटसला टाकू नका. लोकांचे हात जोडलेले इमोजी आले की आपण काय पाहिलं ते बाजूलाच राहतं. आठवड्यानं बारा फोटो ४ बाय ६ इंचांत छापून घ्या, जमिनीवर मांडा आणि पाच उरेपर्यंत एकेक उचला. कुठला उचलताना हात अडला, ते वहीत लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नका, पुढून वळ उमटतो. चिकट पानांचे अल्बमही टाळा, डिंक कालांतरानं पिवळा पडतो. दुसऱ्याच्या मयताच्या घरी विचारल्याशिवाय फोन बाहेरही काढायचा नाही.

आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जीव नकोसा वाटतोय, असं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, किंवा धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयात जा. तिथं रंगाची डबी पुरत नाही.

राग राहिला. रागाला माती. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, कुंभाराकडनं दोन किलो आणली तरी पुष्कळ. दहा मिनिटं नुसती मळा, आपटा. त्यात हवा राहत नाही आणि दंडही दमतात. मग जे येईल ते करा, फक्त जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. जाड झालं तर आतली ओल मागं राहते आणि बाहेरचा थर आधी आकसून तडकतो. जोड देताना दोन्ही बाजू ओरखडून पातळ चिखल लावा. मार्चच्या वाऱ्यात उघडं ठेवू नका, वर ओलं फडकं टाका.

भाजायची घाई नको. वस्तू मोडायची असेल तर आधी पूर्ण, खडखडीत वाळू द्या आणि मग बादलीत सोडा. अर्धवट ओली माती पाण्यात तशीच चिवट पडून राहते. कोरडी मात्र बुडबुडे सोडत थोड्या वेळात विरघळते.