ठिगळ नको, रफू करा

नमस्कार मंडळी. मागच्या दाराजवळ जे उभे आहेत त्यांनी पुढे या ना, कूलर इकडेच आहे, पहिल्या रांगेला कोणी नाव ठेवत नाही. तर पत्रिकेत विषय छापलाय ‘कालप्रवासाच्या मालिका आणि त्यातल्या चुका’, त्याच्यावर मी येणारच आहे, पण त्याआधी थोडी जमीन तयार करू द्या, कारण चुका म्हणजे काय हेच आधी ठरवलं नाही तर पुढचं सगळं हवेत जाईल.

माझ्या लहानपणी नागपूरच्या इतवारीत एक रफूवाले बसायचे. कोटाला भोक पडलं, उंदरानं शाल कुरतडली, की त्यांच्याकडे. ते दुसरा कापड लावत नसत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथून, दोरे काढायचे आणि त्याच दोऱ्यांनी भोक विणून काढायचे. ठिगळ लावणं वेगळं, ते दुसऱ्या कापडाचं असतं, दुरूनच दिसतं. मला आज एवढंच सांगायचं आहे की विज्ञानकथेच्या मालिकेत भोक दिसलं तर नुसतं बोट दाखवून हसू नका, त्याच कथेतला दोरा घेऊन रफू होतंय का ते पहा. होत असेल तर ती चूक नाही. नसेल होत तर मग खुशाल बोला, मीही तुमच्याबरोबर बोलीन.

हात वर करा, ‘स्मॉल वंडर’ कोणी कोणी पाहिलंय? बघा, अर्धा हॉल! शाळेतून आलं की स्टार प्लस लावायचं, हिंदीत बोलणारी विकी, लाल-पांढरा फ्रॉक, पाठीत पॅनल आणि उजव्या काखेत प्लग. आता सांगा, रोबोट मुलगी मोठी कशी काय होऊन राहिली? मालिका १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं चालली, काम करणारी पोरगी खरी, ती वाढणारच. तर त्यांनी काय केलं, तिसऱ्या सीझनमध्ये बापानं तिला अपग्रेड केलं, चेहरा मोठा केला, कपडे बदलले. आपण तेव्हा हसलो असू, पण विचार करा, बाप कोण होता? रोबोट बनवणारा इंजिनिअर. त्यानं स्वतः बनवलेल्या वस्तूत सुधारणा केली यात वावगं काय आहे? दोरा घरातलाच होता. शेजारणीला इतकी वर्षं संशय कसा आला नाही हे मात्र कोणत्याच दोऱ्यानं शिवत नाही, ते भगदाड आहे.

आता मामांची गोष्ट. ही मला सांगायचीच होती.

माझे मोठे मामा मोतीबागच्या शेडमध्ये होते, छोट्या लाईनवर, म्हणजे छिंदवाडा-नागभीडच्या नॅरोगेज गाड्यांची इंजिनं सांभाळायला. रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, अंतराळात फिरणाऱ्या एका जहाजाची अमेरिकन मालिका. मे महिना, खसच्या ताट्यांचा कूलर, आम्ही सात-आठ पोट्टे सतरंजीवर. मालिका इंग्रजीत, आम्ही सगळे मराठी माध्यमाचे. म्हणजे आमच्यासाठी ती पूर्ण मालिकाच भोक होती, मामा जे सांगतील तो आमचा संवाद, आणि मामांचं इंग्रजी म्हणजे रेल्वेच्या फॉर्मवरचं.

एक भाग होता. जहाजाचा कॅप्टन कर्क एका ग्रहावरून त्या यंत्रातून वर येतो, एका जागेहून विरघळवून दुसऱ्या जागी उभं करणारं ते यंत्र, आणि ते बिघडतं, कर्कचे दोन कर्क होतात, एक चांगला एक वाईट. एका कुत्र्याचेही दोन होतात, कुत्र्याच्या डोक्यावर शिंग लावलेलं, आम्ही त्याच्यावरच खूश. पण खाली ग्रहावर जहाजावरचा अधिकारी सुलू आणि त्याची माणसं अडकलेली, रात्र होत चाललेली, थंडी अशी की दगड हत्यारानं तापवून त्याच्याभोवती बसलेत. वरून हीटर पाठवले तर त्यांचेही दोन-दोन झाले आणि एकही चालेना. सुलू वर निरोप देतो की लांब दोर मिळाला तर गरम कॉफीचं भांडं खाली सोडा. आम्ही नागपूरच्या मे महिन्यात घामाघूम, आणि ते थंडीनं मरून राहिले!

तर माझा मावसभाऊ, तेव्हा सातवीत, तो एकदम उठून म्हणाला, “मामा, यांच्याकडे ती ग्रहावर उतरणारी छोटी गाडी आहे ना, मागच्या एका भागात दाखवली होती, ती खाली पाठवून माणसं आणत का नाहीत?”

खोलीत शांतता. मला अजून आठवतं, मामी पोह्यांची ताटली हातात घेऊन दारात थांबल्या होत्या. मामांनी टीव्हीकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, “अबे, गाडी शेडमध्ये असन.”

बस. प्रश्न संपला. मग ते समजावून सांगायला लागले की इंजिनं कागदावर जितकी असतात तितकी लाईनवर कधीच नसतात, एखादं वॉशआउटला, म्हणजे बॉयलर धुवायला असतं, एखाद्याचा सामान यायचा असतो, आणि ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी गाडी उघडून ठेवलेली असते. ज्या जहाजावर माणूस पाठवायचं यंत्र बिघडू शकतं त्या जहाजावर गाडी बिघडली तर नवल काय? हे रफू आहे मंडळी! त्याच भागात त्याच जहाजावर यंत्र बिघडलंय, त्याच बिघाडाचा दोरा मामांनी ओढला आणि भोक बुजवलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मी ह्या मालिकेबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला काय कळलं ते ऐका. तो भाग अमेरिकेत ६ ऑक्टोबर १९६६ ला दाखवला. त्याचं चित्रीकरण झालं तोपर्यंत ती छोटी गाडी बनलेलीच नव्हती! माणूस आत बसू शकेल एवढी गाडी बांधायला पैसे नव्हते. ते माणूस विरघळवून पाठवणारं यंत्रसुद्धा त्याचसाठी निघालं की दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं. शेवटी एएमटी नावाची खेळण्यातली मॉडेलं बनवणारी कंपनी पुढे आली, त्यांनी मोठी गाडी बांधून दिली आणि बदल्यात मॉडेलं विकायचा हक्क घेतला. जानेवारी १९६७ मध्ये ती गाडी पहिल्यांदा पडद्यावर आली. म्हणजे सुलू थंडीत कुडकुडत होता तेव्हा गाडी खरंच शेडमध्ये होती. मामांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं, त्यांनी फक्त शेडमध्ये काम केलं होतं.

म्हणून मी म्हणतो, चूक दिसली की दोन प्रश्न विचारा. एक, कॅमेऱ्यामागे कोणाची काय अडचण होती. दोन, कथेच्या आत त्याचं उत्तर कोणत्या दोऱ्यानं निघतं. पहिलाच प्रश्न विचारून थांबणारे लोक मला आवडत नाहीत, “बजेट नव्हतं, विषय संपला” म्हणणारे. अरे बजेट नव्हतं हे कारण झालं, कथेतल्या माणसाला ते सांगता येणार आहे का?

‘डॉक्टर हू’ घ्या, काळात फिरणाऱ्या एका डॉक्टरची ब्रिटिश मालिका. १९६३ ला सुरू झाली, डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल तब्येतीनं थकले, १९६६ मध्ये त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले. दुसरी मालिका असती तर नायक बदलून गुपचूप पुढे गेली असती, आपल्याकडे तर खाली पट्टी देतात की यापुढे ही भूमिका अमुक करतील. यांनी काय केलं, डॉक्टर माणूस नाहीच, परग्रहावरचा आहे, त्याचं शरीर नवं होतं. परग्रहावरचा तो आधीपासून होताच! दोरा तयार होता. त्या एका रफूवर मालिका आजपर्यंत उभी आहे. पुढे १९७६ मध्ये त्यांनीच सांगून ठेवलं की असं फक्त बारा वेळा होतं, मग २०१३ मध्ये बारा संपले तर नवीन फेरा देऊन टाकला. ते मला ठिगळ वाटतं, रागवू नका.

आणि क्लिंगॉन, ‘स्टार ट्रेक’मधली परग्रहावरची लढवय्यी जात. जुन्या मालिकेत त्यांची कपाळं आपल्यासारखी सपाट, १९७९ च्या सिनेमापासून कपाळावर उंचवटे. लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खाल्लं. १९९६ च्या एका भागात नवा क्लिंगॉन वॉर्फ जुन्या काळात जातो, बरोबरचे विचारतात हे असे कसे रे, आणि तो म्हणतो की हा विषय आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. झालं! किती सुंदर. अभिमानी जात आहे, लाजेची गोष्ट असेल, घरातली गोष्ट घरात. २००५ मध्ये मग दोन भाग खर्च करून विषाणू, जनुकं, सगळं समजावलं. चांगलं केलं, मेहनतीनं केलं, पण मला वॉर्फचं ते एक वाक्य जास्त पटतं. प्रत्येक भोक बुजवलंच पाहिजे असं नाही, कधी कधी त्याच्यावर हात ठेवला तरी पुरतं.

हो, पाहिली चिठ्ठी. दहा मिनिटं. बरं. कालप्रवास.

पटापट सांगतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: टाइममशीन तासभर मागे गेलं तर ते अंतराळात पडायला पाहिजे, कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर फिरते, तासात १,०८,००० किलोमीटर. धरमपेठेतून निघालात तर धरमपेठ तिथे नाहीच. ऐकायला एकदम बिनतोड. पण हा प्रश्नच अडखळतो, कारण “तीच जागा” म्हणजे कोणाच्या हिशोबानं तीच? सूर्याच्या? सूर्यही आकाशगंगेत फिरतोय. आइन्स्टाइननं १९०५ मध्येच सांगून ठेवलंय की अवकाशात एक पक्की, न हलणारी जागा असं काही धरून चालता येत नाही. मग यंत्र पृथ्वीला धरून राहिलं म्हटलं तर बिघडलं कुठे? आणि ‘डॉक्टर हू’मधला डॉक्टर ज्या निळ्या खोक्यातून, टार्डिसमधून, फिरतो त्याच्या नावातच काळ आणि अवकाश दोन्ही आहेत, ते दोन्हीकडे जातं.

दुसरं, आजोबांना मारलं तर आपण जन्मलो कसे. इथे मालिकेनं आधी ठरवायला पाहिजे की तिचा काळ कसा आहे. एक, जे झालं ते झालंच, तुम्ही मागे गेलात ते जाणंही त्याच इतिहासात आधीपासून धरलेलं. दोन, बदलता येतो, पण मग फळं भोगा. तीन, बदललात की फांदी फुटते, दुसरं जग सुरू. ही तिसरी कल्पना मांडताना लेखक लोक भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या कामाचा आधार घेतात. तिन्ही चालतात. माझी तक्रार फक्त त्यांच्यावर आहे जे सोमवारी पहिली वापरतात आणि शुक्रवारी अडकले की तिसरी. ते ठिगळ, आणि तेही दुसऱ्याच्या धोतराचं.

‘डार्क’ ही जर्मन मालिका, २०१७ ते २०२०, तीन सीझन, तेहतीस वर्षांचा फेरा, जमलं तर नक्की पहा. तिच्यात एक पुस्तक आहे जे लेखकाच्या हातात त्यानं लिहायच्या आधीच येतं. मग लिहिलं कोणी? कोणीच नाही. ते फिरतंच राहतं. याला चूक म्हणू नका, मालिकेनं ते भोक जाणूनबुजून मधोमध ठेवलंय आणि सगळी गोष्ट त्याच्या काठाकाठानं विणलीय. यावर मला अर्धा तास हवा होता, राहू द्या.

एकच प्रश्न घेतो, ताई तुम्ही. हां, चेकॉव्ह! हे चांगलं विचारलंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘स्टार ट्रेक’मध्ये खान नावाचा खलनायक फेब्रुवारी १९६७ च्या भागात आला, जहाजावरचा अधिकारी चेकॉव्ह पडद्यावर आला त्याच्या पुढच्या सीझनला, पण १९८२ च्या सिनेमात खान चेकॉव्हला पाहतो आणि म्हणतो तुझा चेहरा मी विसरलेलो नाही. कसा? सरळ रफू असं की चेकॉव्ह तेव्हाही जहाजावर होता, खालच्या कुठल्या तरी विभागात, आपल्याला दिसला नाही एवढंच. पण चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोएनिग स्वतः चाहत्यांना वेगळंच सांगायचे, की जहाजावर खानला जोराची लागली होती, संडासाला आतून कडी, तो बाहेर ताटकळत उभा, आणि बऱ्याच वेळानं आतून जो बाहेर आला तो चेकॉव्ह. आमचे मामा जन्मभर रेल्वेत होते. जनरल डब्यात अशा वेळी दार उघडून बाहेर येणाऱ्याचा चेहरा माणूस पंधरा वर्षं काय, पन्नास वर्षं विसरत नाही हे त्यांनी लगेच मान्य केलं असतं.