छोट्या होडीला हायब्रिड डिझेल : कुठे जमतं, कुठे फसतं

(दृश्य : इंजिनाच्या कप्प्याचं झाकण उघडतं. कॅमेरा वरून खाली.)

डावीकडे तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, २२ किलोवॅटचं, म्हणजे साधारण ३० अश्वशक्ती. त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून निघालेला शाफ्ट, आणि शाफ्टच्या टोकाला, होडीच्या बुडाशी, पंखा. नऊ-दहा मीटरच्या सहलीच्या होडीत एवढ्यावर भागतं. उजवीकडची निळी मोटर आणि तिच्यावरून शाफ्टकडे गेलेला दातेरी पट्टा मात्र नंतर बसवलेला आहे. पंखा एकच, फिरवणारे दोघे. याला पॅरलल हायब्रिड म्हणतात.

दुसरा प्रकार सिरीज हायब्रिड. त्यात इंजिनाचा पंख्याशी संबंधच नसतो. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज देतो, आणि शाफ्ट फक्त मोटर फिरवते. मांडणी सुटसुटीत दिसते. इंजिन कुठेही ठेवा, आडवं ठेवा, त्याच्याभोवती आवाज अडवणारी पेटी बांधा. खरेदीच्या वेळी मन जातं ते यावरच.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. नदीतलं तेलवाहू जहाज.)

ही कल्पना अजिबात नवी नाही. १९०३ साली नोबेल बंधूंच्या कंपनीने रशियातल्या नद्या-कालव्यांतून तेल वाहून नेण्यासाठी 'वांदाल' हे जहाज पाण्यात उतरवलं. त्यात प्रत्येकी १२० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिनं होती आणि पंख्यांपर्यंतची सगळी ताकद विजेतून जायची. कारण इंधनबचत नव्हतं. तेव्हाचं डिझेल इंजिन उलटं फिरत नसे आणि त्याचा वेग कमी-जास्त करणंही अवघड होतं. जहाज मागे घ्यायचं, धक्क्याला लावायचं, तर मध्ये वीज घालण्यावाचून इलाज नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, 'सार्मात' आलं. त्याच्या रचनाकारांनी एक गोष्ट बदलली : सरळ पुढे जाताना इंजिन थेट शाफ्टला जोडायचं, आणि मागे घेताना किंवा हळू चालवताना तेवढी वीज वापरायची. सरळ मार्गावर विजेतून ताकद नेण्यात होणारा तोटा त्यांना नको होता. आजच्या छोट्या होडीत सिरीज घ्यावं की पॅरलल, या वादाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

(दृश्य : पाटीवर आकडे लिहिणारा हात.)

तोटा किती, ते मांडून पाहू. पंख्याला ६ किलोवॅट हवेत. जनरेटरची कार्यक्षमता ९१ टक्के धरली, एसी विजेची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरची ९५, मोटरला हवी तेवढी वीज सोडणाऱ्या कंट्रोलरची ९६, मोटरची ९०. गुणाकार येतो ७५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंख्याला ६ मिळावेत म्हणून इंजिनाने ८ किलोवॅट द्यायचे. गिअरबॉक्समधून सरळ गेलं तर सव्वासहा पुरतात. इंजिन त्याच्या पसंतीच्या भारावर चालवल्यामुळे सिरीजमध्ये प्रत्येक किलोवॅट-तासामागे डिझेल थोडं कमी लागतं, हे खरं. तरी हिशेब असा येतो : थेट जोडणीत ताशी साधारण २ लिटर, सिरीजमध्ये २.३. शिवाय वीज आधी बॅटरीत भरून मग काढली तर आणखी पाच ते आठ टक्के गळतात.

मोटारगाडीत हायब्रिड वाचवतं ते ब्रेकमधून आणि सिग्नलच्या थांबण्यातून. पाण्यात ब्रेक नाही. इंजिन सोडलं की पाणीच होडीला थांबवतं, ती ऊर्जा परत मिळत नाही. भारही तासन् तास एकसारखा. सहा नॉटला, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांनी, निघालेली होडी खाडीच्या तोंडापर्यंत सहा नॉटलाच जाते. गाडीचे आकडे होडीच्या जाहिरातीत का दिसतात, हे जाहिरात लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं.

(दृश्य : होडीच्या मागचा पाण्याचा पट्टा. वेग वाढतो तशी लाट उभी राहते.)

ही लाट नीट पाहा. वेगात पाण्यावर उचलली जाऊन न उडणारी, पाणी कापत जाणारी होडी स्वतःच्या लाटेत अडकते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. नॉटमधली मर्यादा मिळते. ३० फुटांना ७.३ नॉट. त्या मर्यादेजवळ ताकदीची मागणी भडकते. पाच टनांच्या अशा होडीला ४ नॉटला साधारण २ किलोवॅट पुरतात, ५ ला ४, ६ ला ८, आणि ७ ला १५.

आता बॅटरी. लोखंड-फॉस्फेट जातीच्या लिथियमचे हे सोळा सेल, २८० अँपिअर-तासांचे, प्रत्येकी पाच किलोच्या थोडं वर. एका ओळीत जोडले की ५१.२ व्होल्ट, सुमारे १४ किलोवॅट-तास. पेटी, पट्ट्या, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट) धरून वजन शंभर किलोच्या घरात. ८० टक्के वापरायचे म्हटलं तर ११ मिळतात. ४ नॉटने साडेपाच तास, २२ सागरी मैल. तीच बॅटरी ६ नॉटला सव्वा-दीड तासात रिकामी, आठ-साडेआठ मैलांत. शेजारी जो छोटा डबा ठेवलाय त्यात साडेतीन लिटर डिझेल आहे. शाफ्टपाशी पोहोचणारी ताकद दोन्हींत जवळपास सारखीच.

लेड-अ‍ॅसिडने हेच करायचं तर पाचशे किलोंच्या वर जाल. पाण्यावर उडणाऱ्या वेगवान होड्यांचा विषय इथेच संपतो. त्यांना सतत शंभर किलोवॅट लागतात आणि प्रत्येक जादा किलो उडण्याच्या आड येतो.

मग हायब्रिड जिंकतं कुठे? हळू चालताना. पंख्याची मागणी मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या घनाने बदलते. इंजिनाच्या ३६०० फेऱ्यांवर २२ किलोवॅट घेणारा पंखा १८०० वर जेमतेम पावणेतीन किलोवॅट घेतो. इंजिन त्या फेऱ्यांवर बरंच जास्त देऊ शकतं, पण घेणारा कोणी नाही. अशा अर्धपोटी भारावर डिझेल थंड राहतं, इंधन पुरतं जळत नाही, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं.

(दृश्य : एग्झॉस्टचं एल्बो, म्हणजे धुराची वाकलेली नळी, कापून दोन भाग. आत काजळी.)

हे त्याचं दृश्य रूप. एग्झॉस्टच्या एल्बोमधली वाट काजळीने बोटभर उरली आहे. कालव्यात, बंदरात, मासे टिपत फिरताना अर्धा दिवस निव्वळ दोन-तीन नॉटने चालणाऱ्या होडीची हीच गत होते. तिथे मोटरने चालवावं. इंजिन लावलंच, तर पंख्यासोबत त्याच मोटरला जनरेटर बनवून दोन-तीन किलोवॅट बॅटरीत घालावेत, म्हणजे इंजिनाला पोटभर काम मिळतं. एक किलोवॅटच्या चालीला रिकामं धडधडणारं इंजिन ताशी ०.७ लिटर जाळत असेल, तर भरल्या बॅटरीतून तेच काम ०.४ लिटरच्या आसपास होतं. बचत खरी आहे. पण तासाला कपभर आहे.

शिडाच्या होडीत वाऱ्यावर चालताना पंखा पाण्याने फिरून बॅटरी भरतो. सहा नॉटला काही शे वॅट, चार नॉटला नावापुरतं.

(दृश्य : केबल, लग म्हणजे केबलच्या टोकाला दाबायची धातूची कडी, ती दाबणारा हायड्रॉलिक क्रिंपर. जवळून.)

जोडणीत फसतं ते इथे. ४८ व्होल्टवर १० किलोवॅट म्हणजे दोनशे अँपिअरच्या वर. सांध्यात फक्त एक मिलिओहमचा अडथळा राहिला तरी त्या एका लगमध्ये ४० वॅट उष्णता. तीही बंद कप्प्यात. म्हणून कलई केलेली तांब्याची केबल, लांबीनुसार ७० ते ९५ चौरस मिलिमीटर, आणि लग दाबायला हातोडी नाही, हायड्रॉलिक क्रिंपर. वर डिंक असलेली हीट-श्रिंक नळी. आता बोल्टकडे बघा : आधी लग टर्मिनलला थेट टेकला, मग वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. वॉशर लगच्या खाली गेला की सगळा करंट स्टीलमधून जातो आणि प्लास्टिक वितळतं. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ.

पॅरलल जोडणीत आणखी तीन सापळे आहेत आणि तिन्ही कागदावर दिसत नाहीत.

पहिला, शाफ्टचं सील, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग. बऱ्याच होड्यांत सीलला थंड ठेवणारं पाणी इंजिनाच्या समुद्रपाण्याच्या पंपातून येतं. मोटरवर चालताना इंजिन बंद, पंप बंद, सील कोरडं. ते जळालं की होडीत पाणी. वेगळा छोटा विद्युत पंप किंवा होडीबाहेरच्या पाण्यातून थेट नळी, दोन्हींतलं एक हवंच.

दुसरा, गिअरबॉक्स. काही गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. मोटर मागून शाफ्ट फिरवत राहिली तर आतले दाते तेलाविना घासतात. बनवणाऱ्याने न्यूट्रलमध्ये शाफ्ट फिरू द्यायला किती वेळ परवानगी दिली आहे, ते पुस्तिकेत आधी वाचा. नसेल दिली, तर मध्ये क्लच.

तिसरा सापळा महागडा. कायम चुंबकाची मोटर फिरवली की ती व्होल्टेज तयार करणारच, चालू असो वा नसो. डिझेलने शाफ्ट पूर्ण वेगाने फिरवला आणि पट्ट्याचं गुणोत्तर चुकलेलं असलं, तर तयार होणारं व्होल्टेज कंट्रोलरच्या मर्यादेच्या वर जातं. कंट्रोलर तिथेच संपला. चार्जिंग चालू असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली तरीही असाच झटका बसतो. म्हणून बीएमएसने आधी कंट्रोलरला 'चार्ज थांबव' सांगायचं, मग बॅटरीची जोडणी तोडायची. ही सूचना नेणारी तार बहुतेकदा जोडलेलीच नसते.

पट्ट्याचा ताण शाफ्टला एका बाजूला ओढतो, त्यासाठी आधाराचं बेअरिंग लागतं. सिरीजमध्ये पंख्याचा धक्का झेलणारा गिअरबॉक्सच नसतो, म्हणून थ्रस्ट बेअरिंग वेगळं बसवावं लागतं. शून्य अंशाखाली या लिथियम सेलना चार्ज करायचं नाही. विमा, पुनर्विक्री आणि दुरुस्तीला माणूस मिळणं, या तिन्ही बाबतींत साधं डिझेल पुढे आहे. विद्युत चालनासाठी छोट्या होड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक २०१६ पासून आहे, आयएसओ १६३१५. बसवणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक नसेल तर दुसरा शोधा.

(दृश्य : चालकाची वही. फेऱ्यांसमोर तासांची नोंद.)

एक हंगाम असं लिहून काढा : किती फेऱ्यांवर किती तास. निम्म्याहून जास्त तास १५०० च्या खाली असतील, रात्री नांगरावर फ्रीज आणि पंप चालत असतील, तर थेट शाफ्टवर पाच ते दहा किलोवॅटची मोटर बसवायला जागा आहे. तास बहुतेक २५०० च्या वर असतील, तर तो पैसा बॅटरीत घालू नका. तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडून काढा, पंखा घासा, एल्बो उघडून काजळी काढा. डिझेल त्यानेही वाचतं.